मौनप्रार्थनेचा गट आणि एकांतवास चालवायला शिकताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमची नवी तुकडी जुलैत सुरू होते आणि मे महिन्यापासून माझा फोन वाजायला लागतो. प्रश्न साधारण तेच असतात, विचारणारे मात्र फार वेगवेगळे. कोणी वर्षानुवर्षं रविवारशाळा घेतलेली, कोणी निवृत्त शिक्षिका, कोणी हिंजवडीतल्या नोकरीतून शनिवार कसाबसा मोकळा करणारा. फोनवर मी घाईत असते आणि अर्धवट उत्तरं देते, म्हणून इथे जरा सविस्तर.

हे नक्की कशाचं प्रशिक्षण आहे?

आठ-दहा माणसांनी एकत्र येऊन देवापुढे गप्प बसायचं, आणि त्या बसण्याची काळजी कोणीतरी एकाने घ्यायची. त्या एकाचं हे प्रशिक्षण. यात दोन कामं येतात. आठवड्याला किंवा पंधरवड्याला भरणारा प्रार्थनागट चालवणं हे एक, आणि एक ते पाच दिवसांचा एकांतवास आखून पार पाडणं हे दुसरं. (एकांतवास हा शब्द पत्रकावर छान दिसतो. बोलताना आम्ही सगळे रिट्रीटच म्हणतो.)

प्रवचन कसं करावं, बायबलचा वर्ग कसा घ्यावा, आजाऱ्यासाठी प्रार्थना कशी करावी, हे इथे शिकवत नाही. त्यासाठी पुण्यात दुसरीकडे उत्तम सोय आहे.

'चिंतन' म्हणायचं की 'ध्यान'? पत्रकात तुम्ही 'मौनप्रार्थना' का लिहिता?

कारण बाकीच्या दोन्ही शब्दांनी आम्हाला त्रास दिला आहे. पहिल्या वर्षी आम्ही 'चिंतनात्मक प्रार्थना' असं लिहिलं होतं. लोक वही-पेन घेऊन आले. चिंतन म्हटलं की आपल्याकडे विषय लागतो, विषय आला की वक्ता लागतो, आणि ज्या शहरात १८७५ पासून वसंत व्याख्यानमाला चालू आहे तिथे वक्त्याची वाण नाही. पण या प्रार्थनेत विचार करायचा नसतो, आलेला विचार सोडून द्यायचा असतो. म्हणजे नावच उलटं पडलं.

दुसऱ्या वर्षी 'ध्यान' लिहिलं. तेव्हा श्वासाचे प्रकार, चक्रं आणि ताणमुक्ती यांची विचारणा झाली. ध्यान शब्दात चूक काही नाही, तो आपला जुना आणि सुंदर शब्द आहे, पण आज तो ऐकून माणूस तंत्राकडे जातो. आम्हाला नातं सांगायचं आहे. समोर कोणीतरी आहे, आपण त्याच्यापाशी बसलो आहोत, बोलायची गरज नाही. आजी संध्याकाळी तुळशीपाशी नुसती बसायची ना, तसं. म्हणून मौनप्रार्थना.

गप्प बसायला शिकायला नऊ महिने कशाला लागतात?

बसायला नाही लागत. दुसऱ्याला बसू द्यायला लागतात.

मी चालवलेलं पहिलं रिट्रीट पानशेतच्या बाजूला होतं, दोन दिवसांचं. मी आठवडाभर खपून वेळापत्रक केलं होतं. दर चाळीस मिनिटांनी काहीतरी होतं : वाचन, गाणं, मातीकाम, गटचर्चा, चालतं ध्यान, पुन्हा गाणं. हातात घड्याळ धरून मी सगळ्यांना एका खोलीतून दुसऱ्या खोलीत हाकत होते. रविवारी दुपारी बस यायच्या आधी एक सत्तरीच्या बाई माझ्याजवळ आल्या. माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "ताई, कार्यक्रम छान झाला हं. बसायला तेवढी फुरसत नाही मिळाली."

मला ते तेव्हा झोंबलं. आता प्रत्येक तुकडीला पहिल्या शनिवारी हाच किस्सा सांगते. शांतता पसरली की चालवणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. 'लोक कंटाळले असतील', 'काही घडत नाहीये', 'मी काहीतरी केलं पाहिजे' असे आवाज आत सुरू होतात. ते ऐकू येऊनही हात मांडीवर ठेवून बसणं, हा सगळा अभ्यासक्रम आहे म्हटलं तरी चालेल. सोळाव्या शतकात संत इग्नेशियस लोयोला यांनी आध्यात्मिक साधना देणाऱ्यांसाठी काही टिपणं लिहून ठेवली. त्यांत ते सांगतात की देणाऱ्याने तराजूच्या काट्यासारखं मध्ये राहावं, इकडे झुकू नये, तिकडे झुकू नये, आणि निर्मात्याला त्याच्या माणसाशी थेट व्यवहार करू द्यावा. मुद्देही थोडक्यात मांडावेत, कारण माणसाला स्वतः सापडलेलं गोड लागतं. मंडईत वजन करताना तराजूला बोट लावणारा विक्रेता आपण लगेच ओळखतो. प्रार्थनेत आपलंच बोट लागलेलं असतं ते दिसत नाही.

वर्षाची आखणी कशी असते?

जुलै ते मार्च, महिन्यातून एक शनिवार, सकाळी साडेनऊ ते चार. मध्ये दोन निवासी रिट्रीट : ऑक्टोबरमध्ये दोन दिवसांचं आणि जानेवारीत पाच दिवसांचं, तेही पूर्ण मौनात. नोव्हेंबरपासून प्रत्येकाने आपापल्या ठिकाणी छोटा गट सुरू करायचा आणि निदान सहा बैठका घ्यायच्या. चर्चमध्ये, सोसायटीच्या हॉलमध्ये, घरी, कुठेही. प्रत्येक बैठकीनंतर एका अनुभवी सोबत्याशी तासभर बोलायचं. गटात काय झालं याचा अहवाल सोबत्याला नको असतो. तुमच्या आत काय झालं ते त्याला ऐकायचं असतं. कुठे घाबरलात, कुणाचा राग आला, कुठे छाप पाडावीशी वाटली.

तुकडीत बारापेक्षा जास्त लोक घेत नाही.

कोणत्या पद्धती शिकवता?

मुख्यतः चार. पण चारही पद्धती थोड्या-थोड्या चाखून सोडू नका, एक धरा.

पहिली, पवित्र वाचन. लॅटिनमध्ये लेक्शिओ दिविना. बाराव्या शतकातल्या दुसरा गिगो या कार्थुसियन मठवासीने तिच्या चार पायऱ्या सांगितल्या : वाचन, मनन, प्रार्थना आणि नुसतं राहणं. गटात ती अशी होते. पाच-सहा ओळींचा उतारा सावकाश दोनदा किंवा तीनदा वाचायचा. ऐकताना एखादा शब्द अडकतो, तो धरून ठेवायचा, मग त्याच्यासह गप्प बसायचं. श्रवण, मनन, निदिध्यास ही त्रयी मराठी माणसाला समजावून सांगावी लागत नाही, त्यामुळे नवख्या गटाची सुरुवात इथून करणं सोपं जातं.

दुसरी, केंद्रित प्रार्थना, इंग्रजी नावाने सेंटरिंग प्रेयर. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात स्पेन्सर इथल्या ट्रॅपिस्ट मठात १९७० च्या दशकात विल्यम मेनिंजर, बेसिल पेनिंग्टन आणि थॉमस कीटिंग या तीन मठवासींनी तिला आजचं रूप दिलं. आधार चौदाव्या शतकातल्या एका निनावी इंग्रज लेखकाच्या ग्रंथाचा. एक छोटा शब्द निवडायचा, 'बापा', 'ये', 'शांती', काहीही. मन भरकटलंय असं लक्षात आलं की अलगद त्या शब्दाकडे यायचं. वीस मिनिटं, दिवसातून दोनदा. शब्द सतत जपायचा नसतो. फक्त परतीच्या वाटेवर लागतो.

तिसरीत शब्द सतत जपायचा असतो, आणि लोक या दोन पद्धतींत हमखास गोंधळतात. जॉन मेन हे बेनेडिक्टीन मठवासी होण्याआधी, १९५० च्या दशकात, मलायात ब्रिटिश सरकारी नोकरीत होते. तिथे स्वामी सत्यानंद यांच्याकडून ते मंत्र घेऊन बसायला शिकले. पुढे त्यांना तीच रीत चौथ्या-पाचव्या शतकातल्या जॉन कॅशियनच्या लेखनात सापडली. त्यांनी शब्द सुचवला 'मारानाथा', अरामी भाषेतला, अर्थ 'प्रभू, ये'. चार सारख्या अक्षरांत म्हणायचा : मा-रा-ना-था. नामस्मरणात वाढलेल्या माणसाला ही वाट घरचीच वाटते.

चौथी, दिवसाची उजळणी. ही पुन्हा इग्नेशियसची. रात्री दहा-पंधरा मिनिटं दिवस मागे फिरवून पाहायचा : कशाबद्दल कृतज्ञ आहे, कुठे देव जवळ वाटला, कुठे मी पाठ फिरवली. ज्यांना बसणं अजिबात जमत नाही त्यांना मी आधी ही देते.

हे सगळं परदेशी दिसतंय. आपल्या मातीत काही नव्हतं का?

होतं की, आणि पुण्यात तर अगदी दारात. जॅक विन्स्लो या इंग्रज मिशनऱ्याने १९२० च्या दशकात ख्रिस्त सेवा संघ सुरू केला आणि पुढे तो पुण्याला आणला. खादी घालून, जमिनीवर बसून, आश्रमासारखी राहणी ठेवून प्रार्थना करायची ही त्याची रीत. शिवाजीनगरचा ख्रिस्त प्रेम सेवा आश्रम त्याच परंपरेतला. नगर रोडला पेपल सेमिनरी, म्हणजे धर्मगुरू घडवणारं विद्यालय, १९५५ मध्ये श्रीलंकेतल्या कँडीहून आली, शेजारी जेझुइटांचं (म्हणजे इग्नेशियसच्या संघातल्या धर्मगुरूंचं) डी नोबिली कॉलेज. मुंबईत जन्मलेले फादर अँथनी डिमेलो यांनी १९७० च्या दशकात 'साधना' हे प्रार्थना शिकवण्याचं काम पुण्यातच उभं केलं, नंतर ते लोणावळ्याला गेलं. जगभरातले लोक बसायला शिकण्यासाठी या परिसरात येत होते आणि आपल्यातले कित्येक जण अजून विचारतात की हे अमेरिकेतून आलंय का.

भाषेचंही तेच. फादर थॉमस स्टीफन्स यांनी सतराव्या शतकाच्या सुरुवातीला ख्रिस्ताची कथा मराठी ओवीत बांधली. नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांची भजनं अजून मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, म्हटली जातात. आमच्या गटात मौनाच्या आधी एखादं भजन संथ लयीत, पेटीशिवाय म्हणतात. पेटी आली की आवाज चढतो आणि मग उतरायला वेळ लागतो.

आमचे पाळकसाहेब म्हणतात हे ख्रिस्ती नाही. काय सांगू?

वाद घालू नका, आधी त्यांचं ऐका. त्यांची शंका अगदीच निराधार नाही. व्हॅटिकनने १९८९ मध्ये ख्रिस्ती ध्यानाविषयी बिशपांना एक पत्र पाठवलं होतं. त्यात पूर्वेकडच्या पद्धतींमधलं उपयोगी ते घ्यायला मनाई नाही, पण तंत्रालाच देवभेट समजू नका, शरीराला वाटणाऱ्या सुखाला पवित्र आत्म्याचं काम समजू नका, असा इशारा आहे. डिमेलो यांच्या काही मतांबद्दलही १९९८ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर अकरा वर्षांनी, व्हॅटिकनकडून सावधगिरीची सूचना निघाली. हे आम्ही तुकडीपासून लपवत नाही, दोन्ही गोष्टींवर एक अख्खी दुपार बोलतो.

दुसरीकडे, इजिप्तच्या वाळवंटात चौथ्या शतकात राहणारे साधक, पूर्वेकडच्या चर्चमधली येशूनामाची प्रार्थना, हे सगळं ख्रिस्ती घराण्यातलंच आहे. पाळकसाहेबांना एकदा गटात बसायला बोलवा. आमच्याकडे असे दोन पाळक आले, त्यातले एक अजून येतात.

मी ख्रिस्ती नाही. येऊ का? आणि स्पष्टच विचारते, यात धर्मांतराचा भाग आहे का?

नाही. आणि स्पष्ट विचारलंत ते बरं केलंत, मनात ठेवून बसण्यापेक्षा.

आमची परंपरा ख्रिस्ती आहे, वाचन बहुतेक वेळा बायबलचं असतं, शेवटी प्रभूची प्रार्थना (येशूने शिष्यांना शिकवलेली) होते. हे पत्रकात पहिल्याच ओळीत लिहिलेलं असतं, कारण आत आल्यावर कळावं ही फसवणूक झाली. तुम्ही तुमचं नाम घेऊन बसू शकता. गेल्या तुकडीत गोंदवलेकर महाराजांच्या परंपरेतले एक काका होते, त्यांचा जप ठरलेला होता आणि तो त्यांनी बदलावा असं कुणी सुचवलंही नाही. पण गट चालवायला शिकायचा असेल तर मुळात तुमची स्वतःची एक वाट हवी. 'सगळं एकच आहे' म्हणत कुठल्याच वाटेवर न चालणाऱ्याला दुसऱ्याला सोबत करणं जड जातं. असं मला वाटतं, सगळ्या सहकाऱ्यांना पटतं असं नाही.

विपश्यना केली आहे. उपयोग होईल?

बसायची सवय आहे हा मोठाच फायदा. इगतपुरीचे किंवा स्वारगेटच्या केंद्रातले दहा दिवस काढून आलेला माणूस आमच्या पाच दिवसांच्या मौनाला घाबरत नाही. फक्त तिथली शिस्त तिथे, इथली इथे. दोन पद्धतींची भेळ करून गटाला देऊ नका.

गटाची एक बैठक प्रत्यक्षात कशी असते?

आमचा गुरुवारचा गट कॅम्पातल्या एका जुन्या घराच्या पुढच्या खोलीत भरतो. सातची वेळ. मी पावणेसातला जाऊन खुर्च्या गोल मांडते. गुडघे धरलेल्यांसाठी टेकायच्या खुर्च्या, बाकीच्यांसाठी सतरंजी. पंखा तीनवर. पाचवर ठेवला तर मेणबत्ती विझते, दोनवर ठेवला तर कुणाला तरी उकडतं. फोन दाराशी पावाच्या टोपलीत. सात वाजून पाच मिनिटांनी दार लोटून घेते, पण कडी लावत नाही, म्हणजे उशिरा येणाऱ्याला बेल वाजवावी लागत नाही.

एक भजन. मग उतारा, दोनदा, मध्ये तीन-चार श्वासांइतकं थांबून. मग मी एकच वाक्य बोलते : "आता वीस मिनिटं बसू." पितळी वाटीवर लाकडी चमच्याने एक टोला. नाद पूर्ण विरेपर्यंत कुणी हलत नाही, आणि गंमत म्हणजे गटाला सगळ्यात आधी जमतं ते हेच, आवाज संपताना ऐकणं.

सव्वासातच्या सुमाराला खालच्या मजल्यावर कुकर लागतो. तीन शिट्ट्या. नवीन माणूस पहिल्या शिट्टीला डोळे उघडून माझ्याकडे बघतो, जणू मी काहीतरी करणार आहे. मी काही करत नाही. रिक्षा वळते, कुत्रं भुंकतं, कुणाचं तरी पोट गुरगुरतं. शांत जागा शोधत बसलो असतो तर पुण्यात आमचा गट कधीच भरला नसता.

वीस मिनिटांनी पुन्हा एक टोला, मग दोन मिनिटं तसंच. मोबाइलचा अलार्म वापरू नका. एकदा माझ्या फोनने मौनाच्या शेवटी कोंबडा आरवून दाखवला होता. त्या दिवशी वाचन पेत्राच्या नकाराचं (येशूला ओळखत नाही असं तो म्हणतो आणि कोंबडा आरवतो, ते) नव्हतं, एवढंच दुर्दैव.

मग ज्याला बोलायचं त्याने दोन-तीन वाक्यं बोलायची. कुणी त्यावर उत्तर द्यायचं नाही. प्रभूची प्रार्थना, आणि आठला सगळे जिन्यावर.

उत्तर द्यायचं नाही म्हणजे? माणूस दुःख सांगत असेल आणि आपण गप्प राहायचं?

हाच सगळ्यात अवघड नियम आहे. सल्ला देणं हे आपल्याकडे प्रेमाचं लक्षण मानलं जातं. कुणी म्हणालं झोप लागत नाही, की तिघे जण जायफळ-दूध सांगतात. ते चुकीचं नाही, ते जिन्यावर सांगा. खोलीत मात्र बोलणाऱ्याला त्याचं वाक्य स्वतःच्या कानाने ऐकायला वेळ मिळू द्या.

यासाठी एक वेगळी रीत शिकवतो, गटात एकमेकांना आध्यात्मिक सोबत करण्याची. अमेरिकेत वॉशिंग्टनजवळच्या शालेम या प्रार्थना-प्रशिक्षणाच्या संस्थेत सिस्टर रोझ मेरी डोहर्टी यांनी ती वर्षानुवर्षं घडवली. चार जणांचा गट. एकाने दहा-पंधरा मिनिटं आपल्या प्रार्थनेबद्दल बोलायचं, मग सगळ्यांनी मौन, त्यानंतर मौनातून जे वर येईल तेवढंच बोलायचं, शक्यतो प्रश्नाच्या रूपात. पहिल्यांदा करताना सगळ्यांच्या जिभा अक्षरशः वळवळतात. 'तुम्हाला असं नाही का वाटत की...' हा प्रश्न नव्हे, तो टोपी घातलेला सल्ला आहे. त्यावर आम्ही हसतो आणि पुन्हा करतो.

एखादी व्यक्ती बोलायला लागली की थांबतच नाही. काय करायचं?

पहिल्यांदा सोडून द्या. दुसऱ्यांदा बैठक संपल्यावर एकटं गाठून सांगा, गटासमोर नाही. तिसऱ्यांदा मात्र मध्येच नाव घेऊन हळू म्हणा, "काका, इथे जरा थांबू या," आणि वाटी वाजवा. वाटीवर कुणी रागावत नाही.

मौनात कोणी रडायला लागलं तर?

रडू द्या. रुमाल पुढे करायची घाई नको, तो 'आता पुरे' असा निरोप होतो. तुम्ही शांत बसून राहिलात तर गटही बसतो. बैठक संपल्यावर जवळ जाऊन विचारा, घरी एकटे जाणार का, सोबत हवी का.

पण रडणं वेगळं आणि कोसळणं वेगळं. मौनाने सगळ्यांना बरं वाटतं असं नाही. ताजा आघात, अत्याचाराचा अनुभव, खोल नैराश्य, पूर्वी आवाज ऐकू येण्याचा त्रास, अशा वेळी लांबलेली शांतता माणसाला आणखी आत ओढू शकते. माझ्या एका रिट्रीटमध्ये रात्री दोन वाजता एक मुलगी व्हरांड्यात थरथरत बसलेली सापडली. तिने औषधं आठवडाभरापूर्वी बंद केली होती, 'आता प्रार्थना आहे ना' म्हणून. मी तिला अर्जात विचारलंच नव्हतं. जवळच्या डॉक्टरचा नंबरही माझ्याकडे नव्हता, तो राखणदाराने दिला. चूक सर्वस्वी माझी होती.

तेव्हापासून निवासी अर्जात तीन प्रश्न आहेत : उपचार चालू आहेत का, औषधं कोणती, आणि रात्री फोन करायचा तर कुणाला. औषध बंद करून येणाऱ्याला घेत नाही. डोळे उघडे ठेवून बसायची, उठून चालायची, घरी जायची मुभा पहिल्या संध्याकाळीच मोठ्याने सांगतो. आणि भिंतीवर सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा नंबर लावतो, तिथे दिवसरात्र बोलता येतं. आपण समुपदेशक नाही, हे स्वतःला बजावत राहणं हा प्रशिक्षणाचाच भाग आहे.

गटात ऐकलेलं बाहेर जाणार नाही, असं वचन द्यायचं का?

द्यायचं, पण त्याची मर्यादा आधी सांगून. अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार होत असल्याचं कळलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, तुम्ही प्रार्थनागट चालवत असलात तरीही. जिवाला धोका असेल तेव्हाही गप्प राहता येत नाही. बाकी सगळं खोलीत राहतं. घरी नवऱ्याला, बायकोला सुद्धा सांगायचं नाही, आणि व्हॉट्सअॅप गटावर 'अमुक ताईंसाठी प्रार्थना करा' असा निरोप तर अजिबात टाकायचा नाही. चर्चमध्ये बातमी फिरते ती बहुतेक वेळा प्रार्थनेची विनंती म्हणूनच.

रिट्रीटसाठी जागा कुठे बघायची?

लोणावळा-खंडाळा, पाचगणी, मुळशी, पानशेत, सिंहगडाच्या पायथ्याची गावं. या भागांत धर्मसंस्थांची निवासस्थानं आणि साधी विश्रामगृहं मिळतात. फोटो पाहून ठरवू नका, एक रात्र राहून या. शनिवारी रात्रीच राहा, कारण मंगळवारी निवांत वाटणाऱ्या धरणकाठी शनिवारी डीजे असतो. लग्नसराईत शेजारी मंगल कार्यालय नाही ना, हे विचारा. जुलै-ऑगस्टमध्ये खंडाळ्याचं धुकं फार छान, पण ओले कपडे तीन दिवस वाळत नाहीत आणि साठीपुढची मंडळी खोकायला लागतात. पालख्या पुण्यात मुक्कामी असतात ते दिवस आणि गणपतीचे दहा दिवस टाळा, शहराबाहेर पडणंच कठीण होतं.

खोल्या किती यापेक्षा संडास किती ते मोजा. पहाटे साडेपाचला सोळा माणसं मौनात रांगेत उभी असली की मौनाचं काय होतं ते बघितलंय मी.

जेवणात काय ठेवायचं?

हलकं, ओळखीचं, वेळेवर. वरण-भात, पोळी, एक भाजी, रात्री मुगाची खिचडी. मौनात चव फार लागते, त्यामुळे स्वयंपाकी मंडळींना मिरची कमी घालायला सांगा. चहा मात्र तोडू नका. साडेतीनचा चहा चुकला तर साक्षात संतांची परंपराही उपयोगी पडत नाही.

नोकरीमुळे पाच दिवस सुट्टी मिळत नाही.

इग्नेशियसच्या साधनेचा मूळ काळ साधारण तीस दिवसांचा, चार टप्प्यांत. पण कामाधंद्यातल्या माणसाने रोज थोडा वेळ काढून, कित्येक महिन्यांत ती घरी राहूनच करावी, अशी सोय त्यांनीच एकोणिसाव्या टिपणात करून ठेवली आहे. तशी रोजच्या जगण्यातली साधना पूर्ण केली असेल तर आम्ही ती जानेवारीच्या रिट्रीटऐवजी धरतो. ऑक्टोबरचे दोन दिवस मात्र यावंच लागतं.

शुल्क किती?

आपल्या शनिवारांचं शुल्क म्हणजे हॉलचं भाडं, जेवण आणि झेरॉक्स, भागिले बारा. निवासी रिट्रीटचा खर्च जागेप्रमाणे बदलतो. ज्यांना झेपत नाही त्यांनी मला एकटीला सांगायचं, बाकी कुणाला कळत नाही. तुम्ही स्वतः रिट्रीट आखाल तेव्हा हिशोबात अनामत रक्कम, येण्या-जाण्याची गाडी, स्वयंपाक्यांची बिदागी आणि ऐन वेळी न येणाऱ्या दोघांच्या जेवणाचे पैसे धरा. दोघे नक्की गळतात.

प्रमाणपत्र मिळतं का?

नाही. एक पत्र मिळतं, तुमच्या सोबत्याने हाताने लिहिलेलं. नोकरीच्या अर्जाला त्याचा उपयोग शून्य. पदवी हवी असेल तर पुण्यात ज्ञानदीपसारख्या ईशशास्त्राच्या संस्था आहेत. परदेशी अभ्यासक्रम हवा असेल तर शालेममध्ये (स्थापना १९७३, टिल्डन एडवर्ड्स) गट आणि रिट्रीट चालवणाऱ्यांसाठीच वेगळं प्रशिक्षण आहे. ते इंग्रजीत आणि डॉलरमध्ये, हे लक्षात घेऊन विचार करा.

मी फार बोलते. मला जमेल का?

मीही फार बोलते. हे पान बघताय ना.

पहिल्या शनिवारी काय आणायचं?

पाण्याची बाटली आणि पातळ शाल (हॉलमधल्या पंख्याला एकच वेग आहे). दुपारचा डबा घरून आणायचा नाही, जेवण आहे. वही आणलीत तरी चालेल, पहिल्या दिवशी ती बॅगेतच राहील. साडेनऊची वेळ म्हणजे साडेनऊ. उशीर झालाच तर बेल वाजवू नका, दार नुसतं लोटलेलं असेल.